घोडा आपला, मुक्काम कोणाचा?

१४७० च्या आसपास एक रशियन व्यापारी जुन्नरला आला. त्याचं नाव अफानासी निकितिन, गाव व्होल्गा नदीकाठचं त्वेर. वाटेत लुटारूंनी त्याचा माल नेला होता. तरी तो मागे न फिरता इराण ओलांडून होर्मुझच्या बंदरात पोचला, एक घोडा घेतला आणि तो गलबतात चढवून दीव, खंबायत करत चौलला उतरला. तिथून पाली, मग सह्याद्री चढून जुन्नर. त्याने नोंदवलेल्या मुक्कामांचे दिवस जोडले तर चौल ते जुन्नर हा प्रवास चोवीस दिवसांचा भरतो. वास्को द गामा कालिकतला पोचायला तेव्हा अजून पाव शतक बाकी होतं.

निकितिन काही राजाचा वकील नव्हता. घोडा विकून चार पैसे मिळवावेत, एवढाच त्याचा बेत. हिंदुस्थानात चांगल्या घोड्याला सोन्याचा भाव मिळतो, हे त्याने ऐकलं होतं आणि ते खरंही होतं. घोडा आपल्याला शंभर रूबलना पडला, असं त्याने लिहून ठेवलंय.

पण जुन्नरला पोचला आणि पाऊस लागला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्याचं वर्णन आहे. त्याला पावसाळा हा प्रकारच माहीत नव्हता, म्हणून त्याने त्याला 'हिवाळा' म्हटलंय. पुढे बीदरला जायचं तर पाऊस संपेपर्यंत थांबणं भाग होतं. तोवर घोड्याला खायला घालायचं होतं. इथे घोड्यांना हरभरा देतात, साखर आणि तेल घालून खिचडी शिजवून देतात, हेही त्याने टिपलंय. हे वाचताना मला तो प्रवासवर्णनकार वाटत नाही, खर्चाने घायकुतीला आलेला घोडेवाला वाटतो.

आणि मग जुन्नरचा बहमनी सुभेदार असद खान याने त्याचा घोडाच काढून घेतला. हा माणूस मुसलमान नसून कुठल्यातरी लांबच्या देशाचा ख्रिस्ती आहे, हे खानाला कळलं होतं. अट अशी: धर्म बदललास तर घोडाही परत देतो आणि वर हजार सोन्याची नाणी देतो; नाही बदललास तर घोडा गेला आणि हजार नाणी तूच भरायची. मुदत चार दिवस. शेवटच्या दिवशी खुरासानचा महंमद नावाचा एक मोठा माणूस गावात आला. निकितिनने त्याला विनवलं, तो खानाकडे गेला, रदबदली केली आणि घोडा परत आणून दिला.

जुन्नरच्या इतिहासात स्वतःचा घोडा घेऊन आलेल्या एका साध्या माणसाची इतकी तपशीलवार गोष्ट मला दुसरी सापडली नाही. आणि तिच्यात घोडदौड जवळजवळ नाहीच. पाऊस आहे, चारा आहे, आणि इथे थांबू देणार की नाही हा प्रश्न आहे.

एक हिशेब

मी मूळचा आंबेगाव तालुक्यातला. नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमधली. मागच्या वर्षी ऑफिसच्या ट्रेकिंग ग्रुपवर कुणीतरी एक रील टाकलं. अमेरिकेतली माणसं आपापले घोडे ट्रेलरमध्ये घालून जंगलात नेतात. तिथे घोडे बांधायला कुंपण असतं, पाण्याचा नळ असतो, तंबूची जागा असते. दिवसभर पायवाटांवर घोडेस्वारी, रात्री शेकोटी. खाली लगेच सूचना आली: 'आपण हे जुन्नर ते भीमाशंकर करू या. घोडे घेऊनच टाकू.' मी तिकडचा, म्हणून वाट आखायचं काम माझ्याकडे.

मी एक्सेल उघडलं. सहा माणसं, सहा तट्टं, चार दिवस. घोड्याला रोज साधारण वजनाच्या दोन टक्के सुका चारा लागतो. तीनशे किलोचं तट्टू धरलं तर रोज सहा किलो. सहा तट्टांचे चार दिवसांचे झाले १४४ किलो. पाणी प्रत्येकी तीस लिटर धरलं तरी रोजचं १८० लिटर. हे सगळं बरोबर न्यायचं तर आणखी घोडे हवेत. त्या घोड्यांनाही चारा हवा, तो न्यायला आणखी घोडे. प्रोग्रामिंगमध्ये याला रिकर्शन म्हणतात आणि थांबायची अट लिहिली नाही तर प्रोग्राम कोसळतो.

घोड्याच्या प्रवासात थांबायची अट म्हणजे मुक्काम. वाटेत कुणीतरी पाणी राखलेलं असतं, कुणाकडे गवताची गंजी असते, कुणीतरी 'उतरा इथे' म्हणतं, म्हणून घोडा पुढे जातो. आपण इतिहासात घोड्याची टाप ऐकतो. पण टापेच्या मागे मुक्कामांची एक साखळी असते आणि ती साखळी धरणाऱ्यांची नावं सहसा कुठे येत नाहीत. कुठे कुठे येतात, तीही आमच्याच डोंगरात.

पोढी

जुन्नरच्या पश्चिमेला साधारण तीस किलोमीटरवर नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याकडून येणारा माल इथून घाटावर चढायचा आणि जुन्नरवरून पैठणकडे जायचा. घाटाच्या तोंडाशी गुहा आहे. तिच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरलाय, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत. केलेले यज्ञ आणि दिलेली दक्षिणा यांची ती यादी आहे. त्यात अश्वमेध दोन.

अश्वमेधाचा घोडा वर्षभर मोकळा फिरवायचा, मागे सैन्य. त्याला कुणी अडवलं नाही तर राजाची सत्ता मान्य. म्हणजे कुठे थांबू, असं कुणालाही विचारावं न लागणारा घोडा. बाकी सगळ्या घोड्यांना विचारावं लागतं.

नाणेघाटाला जाणारे लोक गुहा पाहतात, दगडी रांजणापाशी फोटो काढतात, जकातीची नाणी यात टाकत असत ही गोष्ट ऐकतात आणि अंगठ्याच्या कड्यावर जाऊन बसतात. जवळची पाण्याची टाकी बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. पण इथेच एक छोटासा लेख आहे, जेमतेम एका ओळीचा. त्याचा मतलब एवढाच: सोपाऱ्याच्या गोविंददासाने ही पोढी दान दिली. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं.

सोपारा म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळचं बंदर. तिथल्या माणसाने इतक्या दूर, घाटाच्या माथ्यावर खडक खोदून पाणी का ठेवलं असेल? पुण्य मिळावं म्हणून, हे आहेच. पण घाट चढून आलेल्या माणसाला आणि जनावराला पहिल्यांदा काय लागतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शिवनेरीच्या लेण्यांमध्येही असंच आहे. तिथे इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या, चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिला. यवन म्हणजे तेव्हाचे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले परदेशी. ही दानं बौद्ध संघासाठी होती, घोड्यांसाठी नव्हेत. तरी दूरदेशीच्या माणसांनी जुन्नरमध्ये मागे ठेवून जाण्यासाठी पाणी आणि जेवायची जागा निवडली, यात प्रवाशाचं मन दिसतं.

दीड हजार वर्षांनी आलेल्या निकितिनला लेणी माहीत असण्याचं कारण नाही. पण परदेशी व्यापारी इथे उताऱ्याच्या घरांमध्ये राहतात आणि त्या घरांतल्या बायका त्यांना रांधून घालतात, हे त्याने आवर्जून लिहिलंय. खानाने घोडा नेला ती गोष्ट सगळे सांगतात. त्याला रांधून घालणारी बाई कोण, ते मात्र आता कुणालाच सांगता येणार नाही.

पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी

३० एप्रिल १६५७ च्या रात्री शिवाजी महाराजांच्या माणसांनी दोराच्या शिड्या लावून जुन्नर शहराचा तट ओलांडला. हाती लागलं ते असं: तीन लाख होन, दागिने, उंची कापड आणि सुमारे २०० घोडे. महाराजांचा जन्म इथला, समोरच्या शिवनेरीचा. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते, म्हणजे साधारण माझ्या वयाचे. होनांचा आकडा मोठा दिसतो, पण डोंगरी मुलखातल्या पायदळावर उभ्या राहणाऱ्या सत्तेला ते २०० घोडे काय वाटले असतील, याचा विचार करून पाहा.

पुढे जी फौज उभी राहिली तिच्यात स्वारांचे दोन प्रकार होते. बारगीर म्हणजे सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा. आज 'आपला शिलेदार' हे शब्द निवडणुकीच्या फ्लेक्सवर दिसतात, मूळ अर्थ मात्र घोड्याच्या मालकीचा आहे. घोडा मेला तर नुकसान कुणाचं, हा त्यातला खरा फरक.

कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमाराला लिहिलेल्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, अशी ती चढत जाते. पण मला त्यातली दोन माणसं सगळ्यात महत्त्वाची वाटतात. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. एक पाणी वाहणारा, एक नाल ठोकणारा. माझ्या एक्सेलमधल्या दोन रकान्यांना तिथे पगारी माणसं होती.

त्या फौजेचं वेळापत्रकही सभासद सांगतो. पावसाळ्यात लष्कर छावणीला परत. तिथे दाणा, वैरण, औषधं आणि घोड्यांसाठी गवताने शाकारलेली घरं आधीच तयार. दसरा झाला की कूच. आठ महिने बाहेर, पुन्हा पावसाच्या तोंडावर माघारी. निकितिनने चिखलात अडकून जे शिकलं, ते इथे नियम म्हणून लिहिलेलं होतं.

आणि छावणीतही सगळं सुरळीत नसायचं. महाराजांचं १६७० च्या दशकातलं एक पत्र प्रसिद्ध आहे, चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. पावसाळ्याचा दाणा-गवताचा साठा आत्ताच बेहिशेबी संपवाल तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग कुणी रयतेच्या घरचा दाणा आणेल, कुणी गवत, कुणी भाजी. असं झालं तर लोकांना मोगल बरे वाटतील. पेटता दिवा ठेवून झोपाल तर उंदीर वात ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल. एक राजा उंदराने नेलेल्या वातीची काळजी करतोय. घोडदळ म्हणजे काय, हे त्या पत्राइतकं नेमकं मला कुठल्याच चित्रपटाने सांगितलं नाही. घोड्याची भूक शेवटी शेतकऱ्याच्या दारात येते. ती कशी भागवायची, यावर राज्य चांगलं की वाईट ते ठरतं.

भीमथडीचं तट्टू

भीमा नदी आंबेगाव आणि खेडच्या सीमेवरच्या भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते. आमची घोड नदी आहुप्याच्या बाजूने उतरून घोडेगाववरून जाते आणि पुढे भीमेलाच मिळते. थडी म्हणजे काठ. या भीमेच्या काठची, बुटकी, काटक, कमी खाणारी जात म्हणजे भीमथडी. राज्यगीतात जिचा उल्लेख येतो ती हीच. गीतात शब्दसुद्धा 'तट्टू' हाच वापरलाय, उगाच कुणी त्याला उमदा अश्व केलेलं नाही.

मराठ्यांच्या घोडदळाशी जोडलेली ही जात पुढे संपली, असं बरेच जण धरून चालले होते. अगदी अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. देशातली नोंद झालेली घोड्यांची ती आठवी जात. मग इतकी वर्षं ती कुठे होती? कुठल्या संस्थानिकाच्या तबेल्यात नव्हती, रेसकोर्सवर तर नव्हतीच. ती धनगरांच्या वाड्यांवर होती.

जुन्नर-आंबेगावात आज घोडी पाळतात ती मुख्यतः दोन कारणांसाठी. एक बैलगाडा. आमच्याकडच्या शर्यतीत घाटात बैलांच्या पुढे घोडी पळते आणि ती पळवणाऱ्या पोराचं नाव स्पीकरवरून पुकारलं जातं. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरला. त्या सात-साडेसात वर्षांत बैलांबद्दल पुष्कळ बोललं गेलं, घोडीबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

दुसरं कारण धनगराचं बिऱ्हाड. पारनेर, संगमनेर, शिरूरकडचे मेंढपाळ पावसाळा तिकडच्या कोरड्या माळावर काढतात, कारण मुसळधार पावसात मेंढीचे खूर सडतात. दिवाळीच्या सुमाराला ते पश्चिमेला निघतात, जुन्नर-आंबेगाव ओलांडतात, घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाआधी परततात. दसऱ्यानंतर निघणाऱ्या फौजेचं वेळापत्रक आठवतंय ना? फौजा गेल्या, वेळापत्रक अजून चालू आहे.

पुरुष मेंढरं चारत आडवाटेने जातात. घोडी मात्र बायकांच्या हाती. सकाळी पाल सोडायचं, भांडी, घोंगड्या, वाघर, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू आणि कधी लहान मूल, हे सगळं घोड्यावर लादायचं, पुढच्या मुक्कामाला आधी पोचायचं आणि मेंढरं येईपर्यंत चूल पेटवायची. घोड्यावर कुणी ऐटीत बसलेलं नसतं. लगाम धरून पुढे चालणारी बाई असते.

ऑफिसातली मंडळी ज्याला नवा छंद म्हणत होती, ते आपले घोडे घेऊन रानात मुक्काम करत जाणं आमच्या गावाच्या कडेने दर वर्षी जातं. त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही. काढलाच तर ट्रॅफिक अडला म्हणून.

रान मोकळं नाही

आमच्या शेतात माझ्या लहानपणी मेंढ्या बसायच्या. वडील आणि वाड्याचा कारभारी बांधावर बसून व्यवहार ठरवायचे: किती रात्री, किती धान्य. मेंढ्यांचं लेंडीखत रानाला मिळायचं, वाड्याला दाणा मिळायचा, घोडी विहिरीच्या हौदावर पाणी प्यायच्या. कुणीच कुणावर उपकार करत नव्हतं. दोन हजार वर्षांच्या त्या साखळीतली एक कडी आमच्या बांधावर होती, हे तेव्हा कुणाला सुचलंही नसतं.

मग धरणाचं पाणी आलं. घोड नदीवर डिंभे धरण झालं, ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव नाव पडलं ते गावच त्या जलाशयात गेलं. खाली कालव्याच्या भागात ऊस आला. मला त्या उसाला नावं ठेवायची नाहीत, माझ्या इंजिनिअरिंगची फी त्यातूनच भरली गेली. पण उसाचं रान दिवाळीत मोकळं नसतं. ठिबकच्या नळ्या पसरल्या की त्यावर मेंढ्या बसवता येत नाहीत. आणि त्याच उसात बिबट्या राहायला आला. त्याची पिल्लंही आता उसातच जन्मतात. उघड्यावर, वाघरीच्या जाळीआड झोपणाऱ्या वाड्याला बिबट्याची भीती आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. मेंढरू जातं, शिंगरू जातं.

गेल्या हिवाळ्यात मंचरच्या पुढे रस्त्याकडेला एक वाडा उतरला होता. मी गाडी थांबवून घोड्यांविषयी विचारलं. घोडीच्या पाठीवरची जखम हळदीने भरणारी मावशी म्हणाली, "घोडीचं काय अवघड न्हाय दादा. ती मागंमागं येती. उतराया जागा कुठं ऱ्हायली, ते बघा." मग तिने वाटेतली गावं बोटांवर मोजली. कुठे विहिरीचं पाणी घेऊ देतात, कुठे हाकलतात, कुठे पूर्वी आठ दिवस राहायचे आणि आता एक रात्र. गुगल मॅपवर नसलेला नकाशा होता तो आणि त्यातले बरेच ठिपके विझत चालले होते.

ऑफिसच्या ग्रुपवर मी आराखडा पाठवला. भीमाशंकर हे अभयारण्य आहे, तिथे मुक्काम वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. घोडे विकत घ्यायचे तर वर्षाचे बाराही महिने पोसावे लागतील आणि त्यातले चार पावसाचे, हेही लिहिलं. शेवटी एक सूचना केली: रिसॉर्ट शोधण्याआधी वाटेवरच्या आठ-दहा शेतकऱ्यांना विचारू या, दिवाळीनंतर एखादं पडीक रान आणि विहिरीचं पाणी मुक्कामाला मोकळं ठेवाल का? आपल्यासाठी वर्षातून चार दिवस, वाड्यांसाठी बाकीचे दिवस. भाडं आपण भरू. सहा जणांपैकी दोघांनी हो म्हटलंय. गावाकडच्या तीन शेतकऱ्यांनी 'बघू' म्हटलंय, आणि आमच्याकडे 'बघू'चा अर्थ अगदीच 'नाही' असा नसतो.

निकितिनचा घोडा शेवटी बीदरला विकला गेला, ख्रिसमसच्या सुमाराला. वर्षभर पोसला, अडुसष्ट फुतुन खर्च झाले, असा हिशेब त्याने मांडलाय. त्वेरला तो परत पोचलाच नाही, वाटेत स्मोलेन्स्कच्या अलीकडे वारला. जुन्नरच्या बाजारात रोज किती माणसं असतील तेव्हा. त्यातल्या एकाने खानाकडे जाऊन रदबदली केली आणि कुणा बाईने त्याला पावसाळाभर जेवू घातलं, म्हणून तो पुढे जाऊ शकला आणि पंधराव्या शतकातलं जुन्नर आज आपल्याला वाचायला मिळतं.